मळी आणि माळ

'जोखीम' हा शब्द आज आपण धोका या एकाच अर्थाने वापरतो. विमा कंपन्यांच्या पत्रकांत, कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांत आणि 'जोखीम व्यवस्थापन' या सर्वत्र आढळणाऱ्या जोडशब्दात त्याचा अर्थ तेवढाच उरला आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात मात्र जोखीम म्हणजे मौल्यवान ऐवजही होता. 'अंगावर जोखीम घेऊन रात्रीचा प्रवास करू नये,' असे माझी आजी म्हणे, तेव्हा तिच्या मनात दागिने असत. जी वस्तू गमावण्याची भीती आहे ती, आणि ती गमावण्याचा संभव, अशा दोहोंना भाषेने एकच नाव दिले होते. नदीकाठच्या शेतजमिनीविषयी विचार करताना मला या शब्दाचे हे जुने रूप आठवते. ज्या कारणाने ती जमीन मोलाची ठरते त्याच कारणाने ती बुडते. तिच्यातला ऐवज आणि तिच्यातला धोका वेगळे काढता येत नाहीत.

मी लिहितो आहे ते कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याविषयी. माझे वडिलोपार्जित घर या तालुक्यातील एका नदीकाठच्या गावात आहे. मी नोकरीनिमित्त बाहेर पडलो आणि महाविद्यालयात मराठी शिकवू लागलो. शेती चुलत्यांकडे राहिली. त्यांना आम्ही सगळी भावंडे आबा म्हणतो. हा तालुका चार नद्यांचा आहे. उत्तरेकडून येणाऱ्या कृष्णेला सांगलीजवळ हरिपूर येथे वारणा मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते आणि त्याहून खाली दूधगंगा. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेले पाणी उतारावरून धावत येते आणि या सपाट प्रदेशात पोचल्यावर त्याची चाल मंदावते. नद्यांची वळणे मोठी, उतार अगदी कमी आणि काठ काळ्या मातीचे. येथे पूर येतो ही बातमी नाही. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून पादुकांवरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागले की त्याला 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक दुरून येतात. पुराला सोहळा म्हणणाऱ्या समाजाचे नदीशी असलेले नाते केवळ भीतीचे असू शकत नाही.

या नात्याचा हिशेब ज्या शब्दांत मांडला जातो त्यांतले दोन शब्द मी शीर्षकात घेतले आहेत. मळी म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाची, काठालगतची सखल जमीन. माळ म्हणजे उंचावरची, पुराच्या आवाक्याबाहेरची, हलकी, मुरमाड जमीन. मळीला खत लागत नाही, पण पावसाळ्यात तिचा भरवसा नाही. माळाचा भरवसा आहे, पण त्याच्या पोटात काही नाही. या दोन टोकांच्या मध्ये पायरीपायरीने चढत जाणारी राने असतात आणि प्रत्येक पायरीचा स्वभाव गावातल्या माणसाला ठाऊक असतो. पूर्वी मळीवर खरिपाचा हट्ट कोणी धरत नसे. पावसाळाभर ती नदीच्या स्वाधीन असे. पूर ओसरला, गाळाला वाफसा आला की तिच्यात शाळू, हरभरा, गहू पेरायचा, नाहीतर वांगी लावायची. कृष्णाकाठच्या वांग्यांची जी ख्याती आहे ती या गाळाची ख्याती आहे. खरिपाचा भुईमूग माळाकडच्या रानात होई. एका वर्षात नदी मळीचे घेऊन जाई तेव्हा माळ थोडे देई, आणि पाऊस कमी झाला की माळ करपून मळी हात देई.

ही व्यवस्था चालायची तर प्रत्येक घराकडे दोन्ही प्रकारची जमीन असावी लागते. भाऊबंदकीत वाटण्या होत तेव्हा एकाला सगळी मळी आणि दुसऱ्याला सगळा माळ असे सहसा होत नसे. प्रत्येक पायरीवरच्या रानाची उभी पट्टी पाडून ती सगळ्या भावांना दिली जाई. त्यामुळे आमच्या आबांची चार एकर जमीन पाच ठिकाणी आहे. शहरी माणसाला हा वेडेपणा वाटतो. १९४७ साली मुंबई प्रांताने तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरणाचा कायदा केला त्यामागची दृष्टीही हीच होती: तुकडे म्हणजे अकार्यक्षमता. औताचा वेळ जातो, बांधात जमीन जाते, विहीर परवडत नाही, हे सारे खरेच आहे. पण तुकड्यांना दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमधील मध्ययुगीन शेतकरी आपली जमीन गावभर विखरून का ठेवत असत, या प्रश्नाचे उत्तर अर्थतज्ज्ञ डीअर्ड्रा मॅक्लॉस्की यांनी १९७० च्या दशकात जोखमीच्या भाषेत दिले. विखुरलेली जमीन सरासरीने थोडे कमी पिकवते. परंतु एका संकटात सगळी जात नाही. जेवढे कमी पिकले तेवढा त्या शेतकऱ्याने भरलेला विम्याचा हप्ता. आबांनी मॅक्लॉस्कींचे नाव ऐकलेले नाही. धाकट्या भावाने 'सगळी एका जागी करून घेऊ या' असा विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "एका जागी केली तर बुडायलाबी एकाच जागी बुडंल."

जमिनीसारखीच माणसेही विखरून ठेवलेली असत. माझी आत्या कृष्णेच्या पलीकडे, मिरजेच्या पूर्वेकडच्या माळावरच्या गावात दिलेली. लहानपणी मला तिचे गाव रुक्ष वाटे. नदी नाही, झाड नाही, पाण्याचा घोट मोजून. पुढे ध्यानात आले की त्या सोयरिकीत एक व्यवहार होता, आणि तो दोन्ही घरांना ठाऊक होता. पाणी चढण्याची चिन्हे दिसली की अंकलीचा पूल बंद होण्याआधी आमच्या म्हशी आत्याच्या गोठ्यात पोचत. आणि २००३ च्या दुष्काळात तिच्या गावचे पाणी आटले तेव्हा आमच्याकडून वैरण आणि उसाचे वाडे भरून गाड्या तिकडे जात. बाहत्तरच्या दुष्काळातही असेच झाले होते, असे घरातली मोठी माणसे सांगत. पूर आणि दुष्काळ या आपल्या मनात परस्परविरोधी आपत्ती असतात. या दोन घरांनी त्यांना एकमेकांना जामीन ठेवले होते. आमच्या बाजूला 'पाहुणे' हा शब्द नातेवाईक या अर्थाने वापरतात. पाहुण्यांचे गाव किती फूट उंचीवर आहे हाही सोयरीक जुळवण्यातला न बोललेला मुद्दा असावा, असे मला वाटते.

तिसरी गोष्ट काळाची. आबांचे पंचांग नक्षत्रांचे आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, त्यानंतर आश्लेषाचा आसळका. तरणा आणि म्हातारा मिळून नदी पात्राबाहेर काढतात, म्हणून त्याआधी काय काय उरकायचे याचा क्रम ठरलेला. मृगाच्या आसपास कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे निघतात. त्यानंतर काठावरच्या पाण्याच्या मोटारी काढून वर आणायच्या. हे काम एकट्याचे नसते, आठ-दहा जण लागतात, आणि ज्याने दुसऱ्याच्या मोटारीला हात लावला नाही त्याची मोटार काठावरच राहते. मग भोगावतीवरच्या राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांकडे कान. त्यांतले किती उघडले यावरून पंचगंगेचे पाणी आपल्या शिवारात केव्हा येईल याचा अंदाज बांधला जातो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५. हे आकडे आता मोबाइलवर तासातासाला येतात. पण गावाची स्वतःची मोजपट्टी वेगळी असते. घाटाची अमुक पायरी, मारुतीच्या देवळाचा कट्टा, वडाची पारंबी. 'पाणी कट्ट्याला लागलं' या वाक्यात धान्याची पोती माळ्यावर चढवणे, वैरण हलवणे, म्हातारीला पाहुण्यांकडे पोचवणे हे सारे अंतर्भूत असते. ही वाक्ये वर्णनपर वाटतात. ती प्रत्यक्षात आज्ञार्थी आहेत.

आता या सगळ्या रचनेत ऊस आला. त्याविषयी बोलताना शहरातील सुशिक्षित माणूस लगेच नैतिक भूमिका घेतो: पाणी पिणारे पीक, आळशी माणसाचे पीक, कारखानदारांचे पीक. यातल्या कशावरही वाद होऊ शकेल. पूरपट्ट्यातल्या शेतकऱ्याने ऊस का निवडला याचे उत्तर मात्र यातल्या कशातही नाही. सोयाबीन किंवा भुईमूग चार-सहा दिवस पाण्याखाली राहिला की कुजतो. उंच वाढलेला ऊस तेवढेच दिवस पाण्यात उभा राहतो आणि शेंडा वर असेल तर जगतो. त्याला २००९ पासून रास्त आणि किफायतशीर दराचा, म्हणजे एफआरपीचा कायदेशीर आधार आहे. तो मिळवण्यासाठी या भागातील शेतकऱ्यांना रस्त्यावर उतरावे लागले हे खरे; तरी इतर पिकांना एवढाही आधार नाही. गावच्या सेवा सोसायटीत उसावर मिळते तेवढे पीककर्ज शाळूवर मिळत नाही. म्हणजे पाण्याची जोखीम, भावाची जोखीम आणि उसनवारीची जोखीम, तिन्हींना उत्तर देणारे एकच पीक हाती आले. ते न निवडणे हा अविचार ठरला असता. त्यातही आबांचे बारकावे होते. जुलै-ऑगस्टमधली आडसाली लागण ते खालच्या रानात कधी करत नसत, कारण तेव्हा कोंब वीतभर असतो आणि पहिल्याच पाण्यात जातो. तेथे पूर्वहंगामी किंवा सुरू उसाची लागण, म्हणजे पुढच्या आश्लेषापर्यंत तो माणसाच्या डोक्यावर गेलेला असावा. आडसाली उंचावरच्या रानात. पीक एकच झाले तरी उंचीचा हिशेब सुटला नव्हता.

मात्र उसामुळे एक बदल गुपचूप घडला. मळी पावसाळ्यात मोकळी राहीनाशी झाली. पूर्वी नदी रिकाम्या जमिनीवर पसरत होती; आता ती उभ्या पिकात शिरू लागली. पूर्वी गाळ मिळे आणि त्यात पेरणी होई. आता गाळ येतो तो उसाच्या पोंग्यात. शेंडा बुडाला की पोंग्यात पाणी आणि गाळ साचतो, वाढीचा कोंब कुजतो, उसाची वाढ थांबते आणि कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात. लांबून तो ऊस हिरवाच दिसतो. शेतकऱ्याला ठाऊक असते की आता त्याचे वजन आणि साखर दोन्ही उतरणार, म्हणून 'बुडीत ऊस आधी तोडा' अशी विनवणी घेऊन तो कारखान्याच्या गटकार्यालयात खेटे घालतो. पाच ठिकाणी विखुरलेल्या जमिनीत एकच पीक उभे राहिले, तेव्हा तुकड्यांनी दिलेले संरक्षणही अर्धेमुर्धे झाले.

त्यातच पाण्याची वागणूक पालटली. २००५ च्या महापुराला आबांच्या पिढीने 'आयुष्यातला मोठा पूर' म्हटले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये आसळक्याच्या पावसाने ते मागे टाकले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांपलीकडे गेले आणि आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांपलीकडे. मग जुलै २०२१ मध्ये म्हाताऱ्या पावसाच्या सुरुवातीलाच राजाराम बंधाऱ्याने ५६ फूट ओलांडले. पण आबांना मी फुटांचे आकडे सांगू लागलो की ते अडवतात. "किती चढलं ते इचारू नको. किती दीस बसलं ते इचार." २०१९ साली सखल गावांत पाणी आठवड्याहून अधिक काळ हलले नाही. 'फूग' हा आमच्याकडचा शब्द आहे: पुढे जायला वाट न मिळाल्याने मागे दाटलेले पाणी. कृष्णेला फूग, म्हणून पंचगंगेला फूग, म्हणून ओढ्यांना फूग. ही फूग कशामुळे, यावर मोठा वाद आहे. कर्नाटकातील अलमट्टी धरणाकडे बोट दाखवले जाते आणि त्याची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या प्रस्तावाने येथे झोप उडते. २०१९ च्या पुराचा अभ्यास करण्यासाठी नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. ते येथील अनेकांना पटलेले नाही. नदीपात्रालगतचे रस्त्यांचे भराव, पुलांच्या कमानींचा कोंडमारा, काठावरची बांधकामे यांकडेही शेतकरी बोट दाखवतात. वादाचा निकाल काहीही लागो, शेतकऱ्याच्या दृष्टीने मूळ गोष्ट एवढीच की त्याचा सगळा हिशेब येऊन जाणाऱ्या पाण्यावर बेतलेला होता. येऊन बसणाऱ्या पाण्याला त्या हिशेबात रकाना नव्हता.

जुने ते सारे शहाणपणाचे होते, असे मला सुचवायचे नाही. हरिपूरची हळदीची पेवे याची साक्ष देतील. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव मराठीच्या विद्यार्थ्यांना गोविंद बल्लाळ देवल यांचे जन्मगाव म्हणून ठाऊक असते. व्यापाऱ्यांना ते जमिनीखालच्या पेवांसाठी ठाऊक होते. हळद भाव येईपर्यंत वर्षानुवर्षे कोरडी राहावी अशी ती कोठारे. भावाच्या जोखमीवर काढलेला तो अस्सल देशी तोडगा होता. २००५ च्या महापुराचे पाणी पेवांत शिरले आणि बरीचशी पेवे निकामी झाली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण आजही सहज वापरतो, पण ज्या पेवांमुळे त्याला अर्थ होता त्यांचा भरवसा एका पावसाळ्यात गेला. परंपरेने दिलेले उत्तर परंपरेने पाहिलेल्या पुरापुरतेच असते. पूर बदलला की उत्तराला नव्याने जोखावे लागते.

येथे साहित्याचा विषय निघणे अपरिहार्य आहे. मराठी ग्रामीण साहित्यात दुष्काळ भरपूर आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा शेवट दुष्काळाने गाव रिकामे होण्यात होतो आणि त्या रिकामपणाचा आपल्या पिढ्यांवर खोल ठसा आहे. पूर मात्र आपल्याला प्रामुख्याने एका कवितेतून भेटतो: कुसुमाग्रजांची 'कणा'. २०१९ साली महाविद्यालय पुन्हा सुरू झाले तेव्हा भित्तिपत्रकावर, भाषणांत, मदतफेरीच्या फलकांवर तीच होती. वर्गात मी विद्यार्थ्यांना तिच्याविषयी लिहायला सांगितले. पूरग्रस्त गावातील एका विद्यार्थिनीने लिहिले की कवितेतल्या माणसाचे घर वाहून गेले आहे आणि तो ते पुन्हा उभारतो आहे. पण आमचे घर उभे आहे, गेले आहे ते शेत, आणि शेत उभारता येत नाही, त्याची वाट पाहावी लागते. कवितेचा हा दोष नव्हे. ती तिच्या जागी उत्कटच आहे. परंतु त्या मुलीच्या वाक्याने वाचक म्हणून आपल्या एका सवयीवर बोट ठेवले. आपत्तीतल्या माणसाला आपण धैर्याच्या भाषेत वाचतो. पाठीवर हात ठेवायला आपण तयार असतो. त्याच्या वहीत डोकावायला नसतो. पूरपट्ट्यातला शेतकरी मोडून न पडण्यामागे कणा असतोच, पण त्याहून अधिक असतो तो आकडेमोडीचा भाग: कोणते रान, कोणती लागण, कोणते पाहुणे, सोसायटीचे किती आणि सावकाराचे किती. या आकडेमोडीला वाङ्मयीन प्रतिष्ठा नाही, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. आणि धैर्याची स्तुती स्वस्त असते. ज्याला आपण शूर म्हणतो त्याला देणे लागत नाही.

देणे कोण लागते, हा प्रश्न सरकारी कागदांच्या भाषेपाशी नेतो. तीही वाचण्यासारखी आहे. आपत्ती मदतीच्या निकषांनुसार पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झाले तरच शेतकरी पात्र ठरतो. शेतात तीन इंचांपेक्षा अधिक गाळ साचला असेल तर तो काढण्यासाठी साहाय्य मिळते. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या गाळाच्या नावावरून आम्ही जमिनीला मळी म्हणतो, ज्याच्यात हरभरा आणि वांगी पिकत आली, तो या कागदात काढून टाकायची घाण आहे. यात कागद सर्वस्वी चुकीचा नाही. उभ्या उसात तीन इंच गाळ ही आपत्तीच आहे. बदलली आहे ती गाळाची वेळ आणि त्याच्याखाली काय उभे आहे ते. पीकविम्याचेही तसेच. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत महाराष्ट्राच्या खरीप यादीत भात, सोयाबीन, भुईमूग ही पिके दिसतात. ऊस दिसत नाही. म्हणजे पूरपट्ट्यात ज्या पिकाखाली सर्वाधिक जमीन आहे त्यालाच हे छत्र नाही. ज्या पिकांना होते त्यांच्या स्थानिक आपत्तीची सूचना शेतकऱ्याने ७२ तासांत द्यावी, असा या महापुरांच्या वेळी नियम होता. त्या ७२ तासांत शेतकरी शाळेच्या वर्गखोलीत किंवा पाहुण्यांच्या पडवीत असे आणि रान पाण्याखाली. पूररेषांची भाषा आणखी वेगळी: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ते संभाव्यतेचे विधान आहे, हे मला समजते. पण पंधरा-सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या माणसाला 'शंभर वर्षांतून एकदा' हे शब्द वाचून दाखवताना जीभ अडखळते.

या कागदांवर नसलेली माणसे हा याहून अवघड भाग आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याच भागात दुसऱ्याची मळी वाट्याने करतात. बी, खत, मजुरी निम्मी त्यांची. कष्ट पूर्ण त्यांचे. २०२१ च्या पुरानंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी तक्रारीचा सूर न लावता सांगितले, "सर, पीक आमचं गेलं, पंचनामा मालकाचा झाला." सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात मदत जमा होते. मालक भला असेल तर त्यातले काही देतो. गेल्या काही वर्षांत सखल रान स्वतः करण्याऐवजी वाट्याने किंवा खंडाने देण्याकडे काही मोठ्या शेतकऱ्यांचा कल वाढलेला मी पाहतो. हिशेबाच्या दृष्टीने तेही जोखमीचे व्यवस्थापनच आहे: जोखीम खालच्या पायरीवरच्या माणसाकडे सरकवणे. बुडणारी जमीन ज्याच्याकडे जाते त्याच्याकडे माळ नसतो, पाच तुकडे नसतात आणि पुष्कळदा उंचावर दिलेली बहीणही नसते. 'शेतकरी जोखीम कशी सांभाळतो' या वाक्यातला एकवचनी शेतकरी ही व्याकरणाची सोय आहे. प्रत्यक्षात एकाची सांभाळलेली जोखीम पुष्कळदा दुसऱ्याच्या अंगावर येऊन पडलेली असते. उसाच्या फडात पूर ओसरल्यावर पांगशा काढायला, पाला सोडवायला आणि चिखलात आडवा पडलेला ऊस बांधायला ज्या बायका जातात, त्यांच्या रोजगाराचे जे आठ-पंधरा दिवस बुडाले त्यांचा पंचनामा कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

आबा आता थकले आहेत आणि शेती चुलतभाऊ पाहतो. तो पदवीधर आहे, धरणांच्या विसर्गाचे आकडे त्याला तोंडपाठ असतात, आणि क्षारपड होऊ लागलेल्या मधल्या पट्टीत जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचे कामही त्याने शेजाऱ्यांबरोबर केले. २०२१ नंतर त्याने एक निर्णय घेतला. पाच तुकड्यांपैकी अगदी काठावरच्या मळीतला ऊस खोडव्यानंतर मोडला आणि ती पट्टी पावसाळ्यात मोकळी ठेवायला सुरुवात केली. पाणी ओसरून वाफसा आला की हरभरा, एखाद्या वर्षी शाळू, थोडी वांगी. बाकीच्या चार तुकड्यांत ऊस आहेच. तो सोडण्याइतकी त्याची ऐपत नाही आणि तसे सांगण्याचा अधिकार पगारदार माणसाला नाही. या एका पट्टीपायी त्याचे सोसायटीतले पीककर्ज कमी झाले, कारखान्याकडे नोंदवलेले क्षेत्र घटले आणि गावात थोडी चेष्टाही झाली. आबा मात्र काही बोलले नाहीत. पहिल्या वर्षीचा हरभरा त्यांनी मुठीत घेऊन जोखला आणि पोत्यात परत टाकला.

मला त्या पट्टीत एक प्रश्न दिसतो आणि तो कवितेतून वा कणखरपणाच्या कौतुकातून सुटण्यासारखा नाही. पावसाळ्यात मोकळी ठेवलेली मळी नदीला पसरायला जागा देते. तिच्यावरून जे पाणी पसरेल तेवढे पुढच्या गावाच्या गावठाणात कमी शिरेल. काठावरच्या शेकडो पट्ट्या मोकळ्या राहिल्या तर त्याचा परिणाम मोजता येईल एवढाही असेल. म्हणजे ही जोखीम तो स्वतःपुरती सांभाळत नाही, थोडीशी खालच्या गावांचीही सांभाळतो. त्याची किंमत मात्र एकटा तोच मोजतो: घटलेल्या कर्जात, हुकलेल्या उसात. पीक बुडाले तर त्याला नुकसानभरपाईचा रकाना आहे. पीक बुडू नये म्हणून जमीन नदीसाठी मोकळी ठेवली, तर तिचा उल्लेख सातबाऱ्याच्या पीकपाहणीत खरिपासाठी एकाच शब्दात होतो: पड. मराठीत नापीक, टाकून दिलेल्या जमिनीलाही पड म्हणतात आणि विचारपूर्वक, पुढच्या गाळाची वाट पाहत विसावा दिलेल्या जमिनीलाही पडच. कागदाला हा भेद दाखवणारा शब्द अजून सापडलेला नाही. तो सापडत नाही तोवर नदीकाठचा शेतकरी शहाणपणाचा तोटा सोसत राहील, आणि आपण दर पुरानंतर त्याच्या धैर्याला दाद देत राहू.